सरकारपुढे गाऱ्हाणं

आमच्या केंद्रात पाऊल टाकण्याआधी आजो चपला दाराबाहेर काढायचे, आत येऊन माझ्या व्यायामाच्या टेबलाला दोन्ही हात जोडायचे आणि मगच नातीला त्यावर निजवायचे. "आजो, हे देऊळ नव्हे," मी पहिल्याच दिवशी बजावलं. मी फिजिओथेरपिस्ट. हातापायांचे व्यायाम घेते, नवससायास नाही. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "बाय, आदी सांगचां, मागीर मागचां." ज्याच्याकडून काही हवं आहे त्याला आधी आपलं सगळं सांगावं, मागणं नंतर, असा त्यांचा कायदा होता. त्यातून माझं टेबलही सुटलं नाही.

मोपाच्या पठाराकडच्या एका वाड्यावरून ते आमच्या साखळी गावी यायचे, वाटेत बस बदलून. मुलगा ट्रकवर, सून विमानतळावर साफसफाईच्या पाळीला, तेव्हा नातीला आणायचं काम आजोंचं. तन्वी तिचं नाव. जन्माच्या वेळी बाळंतपण अडलं, पोर रडायला उशीर झाला आणि तेवढ्या वेळात मेंदूला प्राणवायू कमी पडला. पाय एकमेकांवर आवळलेले, मान डगमगती, बोलणं मोजक्या शब्दांचं. डोळे मात्र भारी बेरकी. कुणाची फजिती झाली की सगळ्यात आधी तिला कळायचं आणि ती खिदळत सुटायची.

बाकावर नवीन बसलेली एखादी बाई तिच्याकडे बघून चुकचुकली, की आजो तिला लगेच दुरुस्त करायचे. "तिना रडूक उशीर केल्यान. हसूक नाय."

गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आजोंच्या घराकडे. तुम्ही पेडण्याकडचे किंवा सिंधुदुर्गातले असाल तर तुम्हाला सांगायला नको. नसाल तर ऐका. गावाची अडचण, साकडं, चुकलंमाकलं, सगळं एक माणूस देवापुढे मोठ्यानं मांडतो, आणि त्यानं श्वास घेतला की मागची माणसं एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतात. आमच्याकडे पोराला चालायच्या आधी हे येतं म्हणा ना.

आता हा माणूस घरी नातीचे व्यायाम घेतो की नाही, ह्याची मला शंका होती. एकदा विचारलंच. त्यांनी उत्तर द्यायच्या ऐवजी तन्वीचा पाय हातात घेतला आणि खणखणीत सुरू केलं, "बा उजव्या पाया म्हाराजा, तू रुसून बसलंस तां बरां नाय म्हाराजा." बाकावरच्या सगळ्या आया म्हणाल्या, "व्हय म्हाराजा." तन्वी हसता हसता ढिली पडली आणि तो हट्टी पाय माझ्या डोळ्यांदेखत सरळ झाला. पुढे माझ्याकडची बाकीची पोरंही पायाला गाऱ्हाणं घाला म्हणून अडून बसायला लागली. केंद्राचा पार शिमगा झाला. मी वैतागायचे आणि घरी जाऊन नवऱ्याला नक्कल करून दाखवायचे.

वर्षातला एक दिवस मात्र आजोंचा मुळीच चांगला जायचा नाही. अशा मुलांना जी सरकारी मदत मिळायची, ती चालू ठेवायला मूल दर वर्षी पणजीला नेऊन तपासणीला हजर करायचं असा नियम होता. पहाटे निघायचं, तिथे जिने चढायचे, रांगेत बसायचं, दिवेलागणीला परत. तपासणारे विचारायचे, सुधारणा आहे का? जन्मताना झालेली इजा, ती काय वर्ष बदललं म्हणून भरून येते? तन्वी वाढत होती, आजोंची पाठ वाकत होती. पणजीहून आले की पुढचे दोन-तीन दिवस त्यांना सरळ उभं राहता यायचं नाही. "माझी पाठ हा तवसर ठीक," ते एकदा मला म्हणाले. "मागीर सून एकटी कशी न्हेतली? न्हेव नाय शकली तर मदत बंद. मदत बंद तर ह्यो तुझो व्यायाम बंद. मगे हे पाय परत आवळतले." ही भीती खरी होती.

मग सरकारनं सवलतींचे नियम नव्यानं करायचं ठरवलं आणि घरच्यांचं म्हणणं ऐकायला साखळीतच एका हॉलात बैठक ठेवली. पेडण्यापासून, डिचोलीपासून, लाटंबार्शाहून माणसं पोरांना घेऊन आली. व्यासपीठावर एक अधिकारी बाई, शेजारी बैठकीचा वृत्तांत टिपून घेणारा कारकून. बाईंनी पडद्यावर चित्रं दाखवली, छान बोलल्या आणि म्हणाल्या, "आता तुम्ही सुचवा." सगळे जमिनीकडे बघायला लागले. अहो, ह्याच बाया माझ्या केंद्रात बोलून बोलून माझे कान किटवतात. तिथे सगळ्यांची दातखीळ बसली.

आजोंनी तन्वीला माझ्या मांडीवर दिलं, चपला काढल्या आणि पुढे जाऊन हात जोडले.

"बा सरकारा म्हाराजा, आज जी काय ही तुझी लेकरां पोरांक काखेक मारून तुझ्या दारात जमली हत, तेंचां म्हणणां कानार घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," अख्खा हॉल म्हणाला. मीसुद्धा.

"जन्मताना झाली ती इजा परत फिराची नाय. तरी दर वर्सा पणजेक हाडून दाखय म्हणतस. त्यापरास तूच वर्सातून एकदा आमच्या तालुक्यात येवन बघ म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आज आमचो खांदो असा. फाल्या तो नसलो, म्हणून पोराचो आधार तुटाक देव नको म्हाराजा."

ह्या वेळचं "व्हय म्हाराजा" जरा ओलं होतं.

अधिकारी बाई गडबडल्या. मग सावरून म्हणाल्या, "तुमच्या भावना पोचल्या. पण मुलांना पणजीला आणायचा नियम सध्या तरी आहे तसाच ठेवावा लागेल." आणि त्यांनी श्वास घेतला.

"व्हय म्हाराजा," हॉल गरजला.

काय सांगू तुम्हाला, अंगवळणी पडलेलं तोंडातून निघून गेलं. कारकुनानं तेवढ्यात मान डोलावून सर्व पालक सहमत असं टिपूनही टाकलं. आजो गर्रकन वळले. "गे बायांनो, व्हय कित्याक म्हणतास? तां गाऱ्हाणां न्हय, तो नकार." मग कारकुनाकडे बघून, "तां व्हय पूस रे बाबा." सगळ्यात आधी तन्वी खिदळली. मग हॉल हसला, आणि अधिकारी बाईंनीही पदर तोंडाला लावला.

आजो काही जागेवर जाईनात. कौल मिळाल्याशिवाय गाऱ्हाणं घालणारा देवापुढून हलत नाही. "मला एकटीला ठरवता येत नाही, आजोबा," बाई म्हणाल्या. "मगे वयल्यांक विचार. आमी बसतंव," असं म्हणून आजोंनी तिथेच जमिनीवर फतकल मारली. त्यांच्यामागे एकेक करून सगळेच बसले.

शेवटी बाई व्यासपीठावरून खाली आल्या. आजोंनी तन्वीला माझ्याकडून घेतलं आणि त्यांच्यापुढे धरलं. "जरा घेवन बघ, बाय. दारापर्यंत जा." बाईंनी घेतलं. तन्वीनं आनंदाच्या भरात त्यांच्या गळ्यातली साखळी पकडली आणि सगळं अंग ताठ केलं. बाई दारापर्यंत पोचल्या नाहीत, मधल्याच खुर्चीत बसल्या. धापा टाकत काही वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग आपल्या घरच्या बोलीत म्हणाल्या, "आजो, उजवो कौल समज."

कौल लावताना देवाच्या अंगावर फुलांच्या पाकळ्या चिकटवतात, उजव्या अंगाची पडली की होकार. बाई इथल्याच, त्यांना ते ठाऊक होतं. आणि उजवा कौल दिला की मागे घेता येत नाही, हेही ठाऊक असणार. काही महिने गेले, मीही विसरत आले होते, आणि खरंच नियम बदलला. तपासणारे वर्षातून एकदा प्रत्येक तालुक्यात येणार. मी लगेच आजोंना फोन लावला.

"बरां झालां, बाय. आता माझी पाठ गेली तरी चलात."

"असलं अभद्र बोलाल तर तुमच्याच पायाला गाऱ्हाणं घालीन," मी रागावले. ते खदाखदा हसले.

पहिली तपासणी यायच्या आधीच ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी फार रडले. माझे वडील गेले तेव्हा मी धीरानं वागले होते, ते सगळं आता बाहेर आलं.

पेडण्याच्या तपासणीला मदतीला म्हणून मी गेले होते. तन्वीची आई शेजाऱ्याच्या रिक्षातून तिला घेऊन आली. डॉक्टरांनी पाहिलं, विचारलं, सही झाली. मी तन्वीला उचलून बाहेर आणलं, तर तिची आई व्हरांड्यात पिशवी धरून उभी. पिशवीत दुपारचा डबा, रात्रीपर्यंत पुरेल एवढं पाणी, तन्वीचे कपड्यांचे दोन जोड. आजोंना दर वर्षी भरून द्यायची तशी सवयीनं पणजीची तयारी करून आली होती बिचारी. कामावरून दिवसभराची रजाही काढली होती.

"झालां?" तिनं विचारलं.

"झालं. जा आता घरी."

"इतक्यात?" तिनं बाहेर बघितलं. उन्हं अजून कोवळी होती. ती पायरीवर बसली, तन्वीला मांडीवर घेतलं, डबा उघडला आणि भल्या सकाळी तिला भरवायला लागली. भरवता भरवता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि तिचं तिलाच हसूही येत होतं.

"आजोंनी माका अख्खो दीस दिलो गे," ती म्हणाली. "आता ह्या दिसाचां काय करू?"