निवलेलं पाणी

"डाक्टर, ह्येचं पिसारं गळालं बगा," धोंडिबा म्हणाला, आणि त्याने मातीची कुंडी माझ्या टेबलावर चहाच्या कपाला खेटून ठेवली.

मी चहा बाजूला सारला. कुंडीत बोटाच्या दोन पेरांएवढं पिल्लू होतं. त्याच्या मानेच्या दोन्ही बाजूंना नाजूक तांबूस तुरे असायला हवे होते, त्यांच्या जागी नुसती खुंटं दिसत होती. शेपटीचं टोक वळलं होतं. अंगावरून बुळबुळीत साल सुटत होती. मी पेन्सिलीने पाणी हलवलं, तरी पिल्लू हललं नाही. आदल्या दिवशी अशी दोन पिल्लं गेली होती.

मी जनावरांचा डॉक्टर. पन्नासच्या दशकात पिंपरीच्या माळावर एकेक कारखाना उभा राहत होता, त्यांतल्याच एका लहानशा औषध कंपनीचं ॲनिमल हाउस माझ्याकडे होतं. औषधाची प्रत्येक बॅच बाजारात जाण्याआधी थोडी सशाला टोचून बघायची. सशाला ताप आला की बॅच बाद. तेव्हा ससे, उंदीर, गिनिपिग सांभाळणं हे माझं काम. हे पाण्यातलं लटांबर माझ्या गळ्यात पडलं ते तज्ज्ञसाहेबांच्या मॅडममुळे.

तज्ज्ञसाहेब म्हणजे आमची यंत्रं चालू करून द्यायला आलेले परदेशी इंजिनिअर. त्यांच्या मॅडमनी येताना ॲक्सोलॉटलची एक जोडी आणली होती. हा मूळचा मेक्सिकोचा, बेडकाच्या भाऊबंदांतला प्राणी. बेडकाच्या पोराला आधी शेपूट असते, मग पाय फुटतात, शेपूट जाते आणि ते उड्या मारत बाहेर पडतं. ॲक्सोलॉटलला हे मोठं होणं मंजूर नसतं. पाय फुटले तरी तो शेपूट आणि कल्ले घेऊन जन्मभर पाण्यातच बसतो. ते तुरे म्हणजेच त्याचे कल्ले, त्यांच्यातून तो श्वास घेतो. तोंडाची ठेवण अशी, की कायम हसतोय असं वाटतं. आमचे सुपरिंटेंडंट पेंडसेसाहेब त्याला पहिल्यांदा बघून म्हणाले होते, "याला काय झालंय हसायला?"

हिवाळ्यात जोडी बंगल्यातल्या काचेच्या टाकीत मजेत होती. मादीने अंडी घातली, पिल्लं निघाली. मग ऊन तापायला लागलं. मॅडमनी जोडीला गारव्यासाठी व्हरांड्यातल्या मोठ्या घंगाळात हलवलं, रोज बर्फ आणवला. तरी दोन्ही गेली. उन्हाने गेली, असं सगळेच म्हणाले. मीही म्हणालो. त्यातच मॅडमच्या आईच्या आजाराची तार आली आणि त्यांना मायदेशी जावं लागलं. जाताना त्या पिल्लांच्या बरण्या घेऊन स्वतः माझ्याकडे आल्या. डोळे सुजलेले होते. "माझ्याकडे आता एवढीच उरली आहेत," म्हणाल्या.

पेंडसेसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून वेगळं सांगितलं.

"बाईंचा मूड बिघडला की साहेबाचा बिघडतो, आणि साहेबाचा बिघडला की माझा प्लांट बिघडतो. पिल्लं कोण बघणार?"

"धोंडिबा. हात हलका आहे त्याचा."

"टेंपररी ना तो? त्याची कायम करायची फाइल माझ्याकडेच पडलीय. पिल्लं जगली तर सही करतो. नाही तर माणूस बदलू."

धोंडिबा महाळुंग्याचा. वय चाळिशीला टेकलेलं. कायम होणार या भरवशावर त्याने गावाकडचं बिऱ्हाड उचलून पिंपरीत एका खोलीत आणलं होतं. पेंडसेसाहेबांचं बोलणं मी त्याला जसंच्या तसं सांगितलं. त्याने नुसती मान हलवली आणि कामाला लागला.

या पिल्लांची निगा राखणं अवघड नाही, पण नेमानं करावं लागतं. पहिली गोष्ट गारवा. काचेची बरणी आमच्या उन्हाळ्यात तापते, म्हणून मी कुंभाराकडून मातीच्या पसरट कुंड्या आणवल्या. माठातलं पाणी गार राहतं, तसंच यांतलं राहतं. दुसरी गोष्ट, एका कुंडीत एकच पिल्लू. भूक लागली की ही हसतमुख पोरं शेजारच्याचा पाय तोडून खातात. पाय पुन्हा फुटतो, ही त्यांची खासियत, पण म्हणून रोज तोडू द्यायचा नसतो. तिसरी गोष्ट खाणं. या वयात ती हलणारंच खातात. नदीकाठच्या डबक्यातून धोंडिबा जुन्या धोतराच्या फडक्याने पाण्यातल्या पिसवा गाळून आणी. मोहरीपेक्षा बारीक जीव, पाण्यात टुणटुण उड्या मारतात. पिल्लू टपून बसायचं आणि गपकन गिळायचं. धोंडिबाला ते बघायचा नादच लागला होता. "गिळलं! गिळलं की वो!" असा त्याचा आवाज सशांच्या खोलीपर्यंत यायचा.

चौथी गोष्ट पाणी. आमच्या नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असायची. ती माणसाला चालते, कल्ल्यांना जाळते. उपाय सोपा: पाणी उघड्या पिंपात दिवसभर ठेवायचं, म्हणजे क्लोरीन उडून जातो. सुरुवातीला पिंप मी स्वतः भरून घेत होतो. मग सशांच्या कामाचा रेटा वाढला तेव्हा मी धोंडिबाला म्हणालो, "पिल्लांना ताजं पाणी द्यायचं नाही. शिळं करून द्यायचं. समजलं?"

"व्हय," धोंडिबा म्हणाला. पण चेहरा पडला होता. तो का पडला, हे विचारायला मला सवड नव्हती.

त्यानंतर पिल्लं मलूल व्हायला लागली.

मी एकेक कारण तपासत गेलो. कुंडीत थर्मामीटर बुडवला. पाणी गार. लॅबमधून क्लोरीन ओळखायचं औषध आणून दोन थेंब टाकले. रंग बदलला नाही, म्हणजे क्लोरीनही नाही. कातडीवर बुरशी असेल म्हणून मिठाचं पाणी करून बघितलं. त्याने तर पिल्लं आणखीच कासावीस झाली. पेंडसेसाहेब येता-जाता विचारू लागले, "किती उरली?" मला त्या प्रश्नाचा संताप यायचा, पण उत्तर द्यावंच लागे. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. ससा आजारी पडला तर मला कळतं. हा प्राणी मरतानाही हसत होता.

त्या सकाळी धोंडिबाची कुंडी समोर घेऊन मी बसून राहिलो. पिल्लाचं काही कळेना, म्हणून पाणीच बघत बसलो. तळाला करडा गाळ दिसला. भिंग लावलं. तो गाळ नव्हता, पिसवा होत्या. सगळ्या मेलेल्या.

"कधी टाकल्यास?"

"सकाळीच. टाकल्या तवा नाचत हुत्या."

मी उठून पिसवांचं मडकं बघितलं. डबक्याच्या पाण्यात त्या मजेत उड्या मारत होत्या. म्हणजे पिसवा चांगल्या होत्या, आमच्या कुंडीतलं पाणी त्यांना मारत होतं. मेलेली पिसू हलत नाही, आणि हलत नाही ते खाणं पिल्लू तोंडात घेत नाही. विष आणि उपास दोन्ही चालू होते.

"धोंडिबा, हे पाणी पिंपातलंच ना?"

त्याने पडवीकडे बघितलं. मग म्हणाला, "न्हाई. हंड्यातलं."

"कुठला हंडा?"

धोंडिबाने मला मागच्या पडवीत नेलं. तिथे विटांवर तांब्याचा हंडा ठेवला होता, त्याच्या लग्नातला. आतून-बाहेरून असा लख्ख, की तोंड दिसावं.

"म्या घरनं आणला," तो म्हणाला. "डाक्टर, तुमी म्हनला शिळं पानी द्या. आवो, शिळं पानी आमी दारच्या भिकाऱ्याला देत न्हाई. ही तर आई-बाप न्हाई अशी लेकरं. पन हुकूम मोडायचा कसा? मग मंडळी म्हनली, तांब्यात ठिवा. तांब्यातलं पानी रातभर ऱ्हायलं तरी शिळं हुत न्हाई, द्येवाला बी चालतंय. तुमचा हुकूम बी ऱ्हातुय आन् लेकरास्नी शिळं बी पाजाया लागत न्हाई. रोज चिंच लावून घासतीया ती."

मी कपाळाला हात लावला. तळ्यातल्या गोगलगाई मारायला आम्ही जनावरांचे डॉक्टर मोरचूद टाकतो. मोरचूद म्हणजे तांब्याचंच मीठ. कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्याला ते अगदी थोडंही पुरतं. त्यात रोज चिंचेने घासलेलं कोरं तांबं, रात्रभर पाणी मुरलेलं. क्लोरीन त्यात खरोखरच उरला नव्हता, म्हणून माझे थेंब गप्प बसले होते. आणि हे सगळं मायेपोटी झालं होतं. रागवावं तरी कोणावर?

सगळ्या कुंड्या फोडल्या, कारण मातीत तांबं मुरलं असणार. नव्या आणल्या. पिंप धुऊन पुन्हा भरलं. त्यातला क्लोरीन उडेपर्यंत जुन्या माठात साठवलेलं विहिरीचं पाणी वापरलं. दुसऱ्या दिवशी मी पेंडसेसाहेबांकडे गेलो.

"तांबं? विष?" पेंडसेसाहेब ताडकन उठले. त्यांच्या टेबलावर तांब्याचा गडू होता. "अहो, मी रोज सकाळी हेच पितो! माझे वडील पीत! त्या माणसाने दुसरं काही घातलं असेल आणि आता तांब्याच्या नावावर खपवतोय."

मी लॅबमधून दोन बीकर मागवले. एकात पिंपातलं पाणी, दुसऱ्यात साहेबांच्या गडूतलं. दोन्हींत सारख्याच पिसवा सोडल्या.

"चला साहेब, जेवून येऊ."

कँटीनमधून जेवून, थोडं बोलत बसून परत आलो तेव्हा पहिल्या बीकरमध्ये पिसवा उड्या मारत होत्या. दुसऱ्यात बहुतेक तळाला होत्या. पेंडसेसाहेबांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"म्हणजे मी हे पिऊ नको?"

"खुशाल प्या. तुम्हाला कल्ले नाहीत."

साहेब हसले नाहीत. म्हणाले, "कारण कळलं, ठीक. पण पिल्लं त्याच्या हातून मेली. मी मॅडमना काय सांगू? त्या येऊ देत. त्या म्हणतील तसं."

फाइल होती तिथेच राहिली. उरलेली पिल्लं मात्र हळूहळू सावरली. आधी शेपट्या सरळ झाल्या, मग एकाने पिसू गिळली, आणि सशांच्या खोलीपर्यंत तो ओळखीचा आवाज आला. खुंटांना पुन्हा तुरे फुटायला लागले. माझ्या टेबलावर आलेल्या त्या पिल्लाची मी आशा सोडली होती, पण तेही उठलं. धोंडिबा पाणी बदलायचा, पिसवा आणायचा, पण पूर्वीसारखं बोलायचा नाही. पिंपावर झाकण म्हणून पातळ फडकं बांधताना मला एकदा म्हणाला, "डाक्टर, ह्येला शिळं म्हनू नका. निवल्यालं म्हना. निवल्यालं पानी लेकराला देता येतंय."

मॅडम परतल्या तेव्हा बंगल्याच्या व्हरांड्यात आम्ही तिघे उभे होतो. पेंडसेसाहेब, मी आणि कुंड्यांचं ताट घेऊन धोंडिबा. मॅडमनी एकेका पिल्लाला बघितलं. मग इंग्रजीत विचारलं, "बाकीची?"

मी काही लपवलं नाही. हंडा, चिंच, तांबं, सगळं सांगितलं. पेंडसेसाहेब घाईने म्हणाले, "या माणसाचं काय करायचं ते तुम्ही सांगाल तसं करू."

मॅडम आमच्या मागे बघत होत्या. मी वळलो. व्हरांड्याच्या कोपऱ्यात ते मोठं घंगाळ होतं. पुण्याच्या तांबट आळीतून हौसेने आणलेलं, घासूनपुसून चमकवलेलं. जोडी गेल्यापासून त्यात नेचा लावला होता. इतके दिवस मी त्याच्या शेजारून जात होतो, पण त्याचं तांबं माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

"ते बर्फाचं पाणी," मॅडम हळूच म्हणाल्या, "मी स्वतः भरत होते." मग पेंडसेसाहेबांकडे वळून म्हणाल्या, "याला काढणार असाल, तर आधी माझं काय करायचं ते ठरवा."

धोंडिबाला इंग्रजी कळत नव्हतं. पण त्याने घंगाळाकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं, आणि ताट खाली ठेवून हात जोडले. मॅडमनीही जोडले. दोघांचेही डोळे भरून आले होते. पेंडसेसाहेब आणि मी उगाच पिल्लं बघत बसलो.

फाइलवर सही त्याच आठवड्यात झाली. धोंडिबा माझ्या आधी लागलेल्या कित्येकांपेक्षा जास्त टिकला. पेंडसेसाहेबांचा गडू टेबलावर तसाच राहिला. मी मात्र तेव्हापासून कोणाला काही करायला सांगितलं, की ते का करायचं हेही सांगतो. कारण आपण दिलं नाही, तर माणूस पदरचं घालतो, आणि ते आपल्यापेक्षा चांगलं असलं तरी पिल्लं मरतात. मी रिटायर झालो त्या दिवशीही पडवीत ते पिंप होतं, आणि त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं: निवलेलं पाणी.