टाकवं जगाला दिसलं पायजे

नसीममावशींनी ‘नेट गेलं’ अशी तक्रार कधी केली नाही. मी फोन उचलला की आधी वहीची पानं चाळल्याचा आवाज यायचा आणि मग, “धा वाजून बारा मिन्टांनी तुमी गेलता. चौदाला आलता. सोळाला परत गेलता.” जणू लाइन नव्हे, मीच पळून गेलो होतो. मी वलवणला एका मोठ्या इंटरनेट कंपनीत होतो. मावशींनी नवऱ्याच्या मागे त्याचा केबलचा धंदा सांभाळत टाकवे बुद्रुकमध्ये गावापुरतं स्वतःचं नेटवर्क उभं केलं होतं.

एक लाइन गेली तर दुसरीवर गाव चालावं म्हणून त्यांनी आमची एक आणि दुसऱ्या कंपनीची एक, अशा दोन घेतल्या होत्या. पण आमची दिवसभर जात-येत राहिली. ती गेली की टाकव्यापर्यंत पोचायचा रस्ता बदलल्याची वर्दी जगभरच्या नेटवर्कांना जायची, आली की पुन्हा तेच. वैतागून काही बड्या नेटवर्कांनी टाकव्याचं ऐकणंच तासतासभर सोडून दिलं; तेवढा वेळ त्यांच्या लेखी गाव नकाशावरच नसायचं. दुसरी लाइन धडधाकट असूनही रेशनच्या दुकानात अंगठा लागेना.

मी ठरलेलं उत्तर दिलं, दोष तुमच्याकडे. आमच्या साहेबांचं म्हणणं, मावशींनी स्वतःचं नेटवर्क मोडावं आणि आमचं एजंट व्हावं. आमचंच यंत्र बिघडलंय अशी मला शंका होती. तरी मी गप्प बसलो, याची लाज अजून वाटते.

मावशी वही घेऊन थेट वलवणला आल्या आणि साहेबांसमोर खुर्ची ओढून बसल्या.

“रस्ता दावायचा, पुसायचा, परत दावायचा. लांबच्या लोकांनी इस्वास कसा ठिवायचा? तुमची लाइन मी माझ्या हातानं काढून आलीय. हळू चालंल, पर माझं टाकवं जगाला दिसलं पायजे.”

आठवड्यात परत याल, असं साहेब म्हणाले. मावशी आल्या नाहीत. एकाच लाइनवर गाव रडतखडत, पण अखंड चालू राहिलं. पुढे आमची बाकीची गिऱ्हाइकं बोंबलू लागली तेव्हा यंत्र उघडलं. दोष आमच्याकडेच होता.

लाइन परत घ्या म्हणायला मलाच पाठवलं. मावशींनी चहा दिला आणि कोरा कागद पुढे सरकवला. “आदी लिवा.” मी ‘दोष आमच्याकडे होता’ असं लिहून खाली सही केली. त्यांनी तो कागद आपल्या केबलच्या दुकानात समोरच चिकटवला.

गेल्या वर्षी मावशी वारल्या. दुकान आता सून बघते. भेटायला गेलो तेव्हा कागद तिथेच होता, उन्हाने शाई उडालेली. काढून टाकू का, असं तिने संकोचून विचारलं. मी तिच्याकडून पेन मागून घेतलं आणि सगळी अक्षरं, सहीसकट, पुन्हा गिरवली.