पेटीतला दाखला
संगमनेरला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागले तेव्हा सातवी झाली असं मी सांगितलं. खरं तर सातवीच्या दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला निघाले, धाकट्या भावाला सांभाळायला मला नेलं, आणि शाळा तिथंच सुटली. गाव तिकडं लांब, तिसगावच्या पुढं. इथं माझी सातवी अर्धी की पुरी, कोण बघणार? तरी ती भीती कधी गेली नाही.

रेक्टर बाईंनी काम दिलं, राहायला खोली दिली. ते उपकार मी आजही मानते. पण त्या रोज अर्धी भाकरी ताटात ठेवून उठायच्या. आमच्याकडं कुणाला अर्धी वाढत नाहीत, आणि वाढलेली टाकली तर करणारीच्या तोंडावर मारल्यासारखं. "मला अर्धीच वाढ गं," त्या म्हणायच्या. मला ऐकू यायचं, तुझी भाकरी घशाखाली उतरत नाही. मग मी पीठ आणखी चाळायचे, भाकरी आणखी पातळ थापायचे आणि अख्खीच वाढायचे. भांड्याला येणारी मावशी म्हणायची, "आगं बये, भूक नसंल त्यास्नी."

"भूक हाय. माझ्या हातची नको हाय."

गेल्या पावसाळ्यात बाईंनी विचारलं, "शाळा सोडल्याचा दाखला आहे ना तुझा? सोमवारपर्यंत लागेल."

"कशाला, बाई?"

"आण तर आधी, मग सांगते." त्या हसत होत्या. चोर सापडल्यावर हसावं, तसं मला ते दिसलं.

दाखला माझ्या कॉटखालच्या पेटीतच होता. त्यावर स्वच्छ लिहिलेलं : सातवीत शिकत असताना, सततच्या गैरहजेरीमुळे. सोमवारी मी सांगितलं, "हरवला, बाई."

"मग मी लावते फोन तुझ्या शाळेला."

"इस्वास न्हाई का माझ्यावर? काढायचं आसंल तर सरळ काढा की!"

"कोण काढतंय तुला?" बाई एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. परत दाखल्याचं नाव काढलं नाही. मी सुटले म्हणून देवाला हात जोडले.

महिना-दीड महिन्यानं जेवताना एका मुलीनं विचारलं, "ताई, तुम्ही दहावीला बसणार होता ना? मॅडमनी माझ्याकडून सतरा नंबर फॉर्मची सगळी माहिती काढून घेतली होती. बाहेरून बसता येतं. आता तर तारीख गेली." वर म्हणाली, "आणि मॅडमना अख्खी भाकरी कशाला वाढता? शुगर आहे त्यांना."

"तुला कसं म्हाईत?"

"सगळ्यांनाच माहीत आहे."

माझ्या हातातली पळी आमटीत पडली, ती काढायचंही सुचलं नाही. पोरी खिदळल्या.

दुसऱ्या दिवशी अर्धी भाकरी वाढली. बाई ताटाकडं बघून म्हणाल्या, "पीठ संपलं का?"

"शुगर हाय ना तुमाला."

"सहा वर्षं सांगतेय मी, अर्धी वाढ. तू ऐकतेस कुठं?"

मी खोलीवर गेले, पेटी उघडली, दाखला आणून त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो नीट वाचला.

"हरवला म्हणाली होतीस ना?"

"सातवी अर्धीच हाय माझी. तुमी तपासायला मागताय वाटलं."

त्यांनी कागद घडी करून मला परत दिला. "अगं, त्या फॉर्मला पाचवी पास चालते."

पाचवीत तर माझा वर्गात तिसरा नंबर होता. ते कधी कुणाला सांगितलंच नाही. सातवी लपवता लपवता माझी मलाच ती पाचवी दिसली नाही.

"पुढच्या वर्षी तुझा फॉर्म तूच भर," बाई म्हणाल्या. मार्चनंतर त्या निवृत्त होतायत, म्हणून तसं म्हणाल्या असतील. मला मात्र ऐकू आलं, आता माझ्याकडं येऊ नकोस. विचारावं एकदा, नक्की काय म्हणायचं होतं. रोज ताट वाढते, रोज ठरवते, आणि त्या हात धुऊन निघून जातात.