फिरता नंबर

डिचोलीत टेलिफोनवरून इंटरनेट आणलं ते सगुणने, आणि त्याचा तोरा काय विचारता! गिऱ्हाइकाने फोन जोडला की इंटरनेटवरचा पत्ता म्हणून रिकामा असेल तो नंबर त्याला मिळायचा. फोन ठेवला की तोच नंबर दुसऱ्याचा. पणजीच्या बसमधली सीटच ती, उतरला त्याची गेली, बसला त्याची झाली. हे सगुणला चांगलं ठाऊक होतं.

एका सकाळी गावातल्या गौरवीच्या होणाऱ्या सासरी तिच्याविषयी घाणेरडा ईमेल गेला. संध्याकाळी तिचे भाऊ ईमेलसोबत आलेला पाठवणाऱ्याचा नंबर घेऊन आले. "सगुणबाब, हो नंबर कोणाचो?"

सकाळी तो कोणाकडे होता, देव जाणे. पण 'माहीत नाही' म्हणायला सगुणची जीभ कधी वळलीच नव्हती. त्याने कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाहिलं. त्या क्षणी नंबरावर होता प्रवीण, सावंतवाडीहून येऊन जवळच्या लाटंबार्शात भाड्याने राहणारा खाणीवरचा कारकून.

"प्रवीणचो," सगुण म्हणाला. "कॉम्प्युटर खोटा बोलना नाय."

भावांनी प्रवीणचा डोळा फोडला. मेला बाहेरचा, त्यानेच केलं असणार, म्हणून गाव निवांत झोपलं.

दुसऱ्या दिवशी सगुणने पडदा पाहिला, तर त्याच नंबरावर त्याची लेक सायली, घरच्या फोनवरून. त्याने घाईघाईने तारच उपटली. खरं सांगायला भावांकडे तो गेला नाही, प्रवीणकडे तर नाहीच. घरच्या फोनाला मात्र त्याने इंटरनेटचा कायमचा वेगळा नंबर बांधून दिला.

गावासाठी तो जुना नंबर फिरतच राहिला.