बिनकागदाची ओळ

हिराभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका म्हातारबाबांचं रेशनकार्ड लॅमिनेट करत होते. फोन भाऊंच्या जावयाचा, रोह्याहून. सकाळी चहा घेताना छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं... मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि रोहा डेपोतल्या ओळखीच्या एका ड्रायव्हरला लावला. तोही म्हणाला, "व्हय ताई, खरं हाय." मग मी खुर्चीत बसले. माणूस गेल्याची बातमीसुद्धा दोन ठिकाणी विचारून घेणारी मी काही दगडाच्या काळजाची नाही. एका माणसाच्या सांगण्यावर काहीही खरं धरायचं नाही, ही सवय मला ज्यांनी लावली त्यांच्याच मरणाची ती बातमी होती.

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. लिहू की नको यात त्यातले पाच गेले.

हिराजी म्हात्रे हे एसटीचे कंडक्टर, घर पेणला रामवाडीत. लहानथोर सगळे त्यांना हिराभाऊ म्हणायचे. मी गडबची. बाप मिठागरावर, आई भातशेतीत, आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे मी सांगते तेव्हा लोकांना मिरवणं वाटतं. वाटू दे, मिरवण्यासारखंच आहे ते. रोह्याहून येणाऱ्या सकाळच्या गाडीत मी गडबला चढायची आणि पेणला कॉलेजसाठी उतरायची. एकदा गर्दीत भाऊंनी तिकीट विचारलं. मी म्हटलं, मघाशीच काढलंय. "दाखव." म्हटलं, बॅगेत आहे, खोटं कशाला बोलू? त्यावर अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "खरं बोलतेस तर दाखवाया काय जातंय गो?" मी रागारागाने सगळी बॅग मांडीवर उपडी केली. तिकीट राज्यशास्त्राच्या पुस्तकात निघालं. भाऊंनी ते उलटसुलट बघितलं, परत दिलं आणि म्हणाले, "आता खरं झालं." दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा मात्र त्यांनीच एका मास्तरला उठवून मला खिडकीची जागा दिली. तेव्हापासून त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. "काय गो, बीए!" एवढंच.

पुढे मी पेणला कचेरीजवळ झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान टाकलं. भाऊ रिटायर झाले आणि रोज सकाळी येऊन बाकावर पेपर वाचायला लागले. वाचणं कसलं, उलटतपासणीच ती. एक दिवस पेपरात आमच्या तेव्हाच्या आमदारांचा फोटो होता आणि खाली, खारबंदिस्तीच्या, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधांच्या, प्रश्नावर सभागृहात आवाज उठवला. भाऊंनी बोट ठेवलं. "कुठं उठवला? दाखव." मी विधिमंडळाच्या वेबसाइटवर शोधायला बसले. दुपारपर्यंत सापडलं. प्रश्न होता, पण चाळीसएक आमदारांच्या सह्यांचा, आणि आमच्या आमदारांचं नाव शेवटून दुसरं. भाऊ इतके हसले की गिऱ्हाईकं बघायला लागली. "एका तिकिटावर चाळीस जन? माज्या गाडीत असं झालं असतं तर मना जागेवर सस्पेंड केला असता!"

त्यातून 'आमदारांचं पान' सुरू झालं. पाठपोट एकच कागद. हजेरी किती, प्रश्न कोणते, कशाच्या बाजूने बोलले, शपथपत्रात मालमत्ता काय लिहिली, निवडणुकीत खर्च काय दाखवला. मी टाइप करायची, भाऊ तपासायचे. पेण, वडखळ, गडब, नागोठणे, रोहा, सगळ्या स्टँडवर आणि चहाच्या टपऱ्यांवर ते पान लागायचं. नियम एकच आणि तो भाऊंचा : ज्या ओळीला कागद नाही ती ओळ छापायची नाही. प्रत्येक ओळीला नंबर, आणि त्याच नंबरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तिचा कागद. ती फाइल भाऊंकडे असायची.

एका निवडणुकीनंतर आम्ही अलिबागला जाऊन उमेदवारांच्या खर्चाच्या प्रती काढल्या. रोह्याच्या सभेला आमदारांनी नऊ गाड्या दाखवल्या होत्या. भाऊ त्या दिवशी रोह्यात चौकात उभे राहून गाड्यांचे नंबर लिहीत होते. वहीत चौतीस नंबर, पुढे किती सीट आणि किती उभे. गर्दीचा त्यांचा अंदाज कधी चुकायचा नाही, आयुष्य गेलं होतं त्यात. वडापावाचा आकडा वाचून तर म्हणाले, "येवढेच? मी एकल्यानंच तीन खाल्ले. बाकीची सभा उपाशी व्हती काय?" आम्ही छापलं : कागदावर नऊ, आम्ही मोजलेल्या चौतीस, नंबर दुकानात बघायला मिळतील. लोक खरंच बघायला आले. चौथ्या दिवशी आमदारांचा माणूसही आला. दम वगैरे काही दिला नाही. गोड बोलला. "साहेब म्हणतात, एवढी शंका आहे तर हिराभाऊंनी स्वतःच येऊन बघावं सभागृह." आणि प्रेक्षक गॅलरीचा पास ठेवून गेला. एकच पास, भाऊंच्या नावाचा. राज्यशास्त्र मी शिकलेले आणि पास कंडक्टरला... मला लागलं ते, रागात पास मी नीट वाचलाही नाही. भाऊंना म्हटलं, फुकटचं काही घ्यायचं नाही ना आपण? ते म्हणाले, "बगाया जातोय गो. खाया नाय."

पास ज्या दिवसाचा होता त्या दिवशी सभागृहात आमच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट होती. खाडीकाठच्या खारजमिनी उद्योगांना देणं सोपं करणारं एक विधेयक. आमच्या बापाचा तुकडा त्यात येत होता, गडबच्या अर्ध्या घरांचा येत होता. आमदार गावात म्हणायचे, मी विरोध करणार. पण ते ज्या पक्षात होते तो पक्ष विधेयकाच्या बाजूने. विधेयक मंजूर झालं. मी नंतर कामकाजाची प्रत काढली. आवाजी मतदान. म्हणजे अध्यक्ष विचारतात, बाजूचे 'होय' म्हणतात, विरोधातले 'नाही', सगळे एकदम ओरडतात, आणि कागदात उरतं एवढंच की प्रस्ताव मतास टाकण्यात येऊन संमत झाला. कोण काय ओरडलं याची नोंद नसते. नावानिशी मोजणी कुणी मागितली तरच नावं लागतात, आणि त्या दिवशी ती कुणीही मागितली नाही. आमदाराचं मत ही सगळ्यात मोठी गोष्ट, आणि तिचाच कागद नाही!

त्याच दिवशी रात्री भाऊ पेण स्टँडवर उतरले तेव्हा पन्नासएक माणसं वाट बघत होती. "काय झालं भाऊ? आपल्या आमदारानं काय केलं?" भाऊ म्हणाले, "विरोध केला." बस्स, तेवढंच. कुणीतरी टाळी वाजवली. मी विचारलं, भाऊ, छापू? ते म्हणाले, "छाप." आणि आम्ही छापलं : विधेयकास विरोध केला, प्रत्यक्ष पाहणारे हिराजी म्हात्रे. पानावर पहिल्यांदाच एक ओळ कागदाशिवाय गेली, माणसाच्या शब्दावर. पुढच्या निवडणुकीत आमदारांच्या लोकांनी तीच ओळ लाल शाईने खुणावून आमचंच पान घराघरांत वाटलं. ते निवडून आले.

भाऊंचा जावई रोह्याच्या एका कंपनीत कंत्राटी होता. पास आला त्यानंतर सहा महिन्यांत तो कायम झाला. मला कळलं आणि मी दोन रात्री तळमळले. मग दुकानात सरळ विचारलं. भाऊ रागावले नाहीत. म्हणाले, "त्याच्या सायबानं केला कायम, त्याच्या कामानं. पन तुजं डोकं बरोबर चाललंय बीए. असंच चालव." मी म्हटलं, मग त्या ओळीचा कागद? "हाय फायलीत." दाखवा. "बगशील." खरं बोलत असाल तर दाखवायला काय जातंय, असं मी म्हणू शकले असते. जिभेवर आलं होतं... म्हटलं नाही. थोड्याच दिवसांनी भाऊ आणि त्यांची बायको, आमच्या काकू, मुलीजवळ रोह्याला राहायला गेले, फाइलही गेली. पेण-रोहा अंतर ते किती! मी कधी गेले नाही. जाऊन बघितलं आणि पिशवी रिकामी निघाली तर मला एक माणूस कायमचा खोडावा लागला असता. पानही हळूहळू बंद पडलं. कारण विचारलं तर मी धंद्याचं सांगायची.

शोकसभा रोह्यात झाली. माजी आमदार आले होते. मागच्या खेपेला पडले, आता पुन्हा उभं राहायची तयारी चालू आहे. माइक हातात घेऊन म्हणाले, "हिराभाऊंसारखा संशयी माणूस या जिल्ह्यात झाला नाही. त्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी मला सभागृहात विरोध करताना पाहिलं. याहून मोठं प्रमाणपत्र कुठलं?" शोकसभेत टाळ्या पडल्या. मी काकूंकडे बघितलं. त्या सतरंजीकडे बघत होत्या. जावई टाळ्या वाजवत होता. मला तेव्हाच कळलं की हे वाक्य आता निवडणुकीपर्यंत गावोगाव फिरणार, आणि भाऊ आता उलटून काही बोलू शकणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी काकूंकडे गेले. म्हटलं, फाइल बघायची आहे. त्यांनी कपाटातून काढून दिली. मी त्या ओळीचा नंबर शोधला. पिशवी रिकामी असणार हे मी धरूनच चालले होते. ती रिकामी नव्हती. आत गॅलरीचा पास होता, जपून सरळ ठेवलेला. त्यावर वेळ छापलेली, दुपारी एक ते दोन. एवढीच वेळ बसायची परवानगी. मी मोबाइलवर त्या दिवसाच्या कामकाजाची प्रत उघडली. पानांच्या कोपऱ्यात वेळ असते. विधेयक मताला टाकलं तेव्हा चार वाजून गेले होते.

"काकू, भाऊ आत नव्हते?"

काकू जमिनीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "दोन वाजता भायेर काढला त्यांना. पासाची येळ सरली म्हनून. गेटाजवळ बसले व्हते संध्याकाळपतुर. मंग तो आमदार भायेर आला, चार लोकांसमोर ह्यांच्या खांद्यावर हात ठेवलान आनि बोलला, भाऊ, मी इरोध केला, तुम्ही गावात सांगा."

"आणि त्यांनी सांगितलं?"

"मी इचारला ना घरी, तुमी बगितला? तर बोलले, 'नाय'. मी बोलली, बत्तीस वर्सा दुसऱ्याची तिकटा तपासली, आनि ह्या एकाला तसाच सोडला? तवा जेवले पन नाय. लोक वाट बगत व्हती गो स्टँडवर. येवढा मोठा मानूस पास देऊन नेतो, आनि ह्यांनी सांगायचा काय, की मना हाकलला?"

म्हणजे भाऊ विकले गेले नव्हते. लाजले होते. पण जावयाच्या नोकरीचं मला अजूनही नक्की माहीत नाही, आणि माहीत नसताना माहीत आहे असं मी लिहिणार नाही. आमदारांनी त्या दिवशी काय केलं हेही माहीत नाही. विरोध केला असेलही. एक तासाचाच पास देणाऱ्याला विधेयक किती वाजता येणार हे ठाऊक होतं का, हा प्रश्न मला पडतो. त्याचाही कागद नाही.

मी काकूंना म्हटलं, हे छापलं तर भाऊंचं नाव जाईल. नाही छापलं तर त्यांचं नाव तो माणूस दारोदार घेऊन फिरेल. तुम्ही सांगाल तसं करते. काकूंनी पास परत पिशवीत सरळ ठेवला आणि पिशवी माझ्या हातात दिली. मग म्हणाल्या, "लिव. ते खोटं बोलले ता लिव. पन कागद त्यांनीच ठेवलान, जितं ठेवायचा तितंच, ता पन लिव."

पान पुन्हा सुरू केलं आहे. पहिल्या अंकात ती ओळ आता अशी आहे : विधेयकावर आमदारांनी काय मत दिलं ते माहीत नाही. सभागृहाच्या कागदात नोंद नाही. आमचे साक्षीदार हिराजी म्हात्रे त्या वेळी गॅलरीत नव्हते. आम्ही पूर्वी छापलं ते चूक होतं. पुरावा म्हणून त्यांनी स्वतः जपून ठेवलेला पास. खाली माझं नाव, पदवीसकट.

हा लेख वाचून कुणी विचारेल, हे तरी खरं कशावरून? बरोबर आहे. पास दुकानात आहे, कामकाजाची प्रत शेजारीच लावली आहे. पेणला कचेरीच्या समोर, सकाळी साडेनऊपासून. येऊन बघा. माझ्या शब्दावर जाऊ नका.