दारावरची पुराची रेघ

घाटकोपरला खाडीच्या अंगाला मैलापाण्याच्या टाक्या होत्या. युद्धाच्या काळात तिथे लष्कराची छावणी पडली होती, तिच्यासाठी त्या बांधलेल्या. पुढे छावणी उठली, टाक्या राहिल्या, आणि आसपासच्या वस्तीची गटारं त्यांना जोडली गेली. लवू घाडी तिथे सत्तेचाळीस साली मजूर म्हणून लागला. त्याआधी अकरा वर्षं तो परळच्या गिरणीत होता. पण कापसाच्या तुसाने छाती भरली, खोकला हटेना, तेव्हा डॉक्टरने सांगितलं, मोकळ्या हवेत काम बघ. ‘म्हणून या हवेत आलो,’ असं तो हसून सांगायचा. टाक्यांवरच्या वासाने नव्या माणसाला दोन दिवस जेवण जात नसे.

पण लवूचे हात स्थिर होते, आणि ते हळूहळू साहेबलोकांच्या ध्यानात आलं. जमिनीची उंची मोजायला दुर्बीण लावली की समोर आकड्यांची लांब पट्टी उभी धरावी लागते. पट्टी जरा कलली की आकडा चुकतो. लवू ती धरायचा तेव्हा वारा असो, चिखल असो, पट्टी जमिनीतून उगवल्यासारखी उभी राही. दोनतीन वर्षांत तो मजुराचा खलाशी, म्हणजे मोजणीचा मदतनीस, झाला, आणि मोजणीची कुठलीही पार्टी आली की आधी लवूला मागून घेऊ लागली.

टाक्यांच्या पूर्वेला, नाल्याच्या कडेने, बत्तीस झोपड्या होत्या. बहुतेक सगळे मालवण-कणकवलीकडचे. एकाने दुसऱ्याला आणलं, दुसऱ्याने मेव्हण्याला. निम्म्याहून जास्त लोकांना तिथे जागा दाखवली होती ती लवूनेच. कचेरीने कधी हटकलं नव्हतं, तसा कधी कागदही दिला नव्हता.

पंचावन्न सालच्या दिवाळीनंतर टाक्या वाढवायचं ठरलं. आसपासची वस्ती दुप्पट झाली होती आणि जुन्या टाक्यांना ते पाणी पेलवेना. चार नव्या टाक्या बांधायच्या. पण खाडीचं उधाण आणि वरून नाल्याचा पूर एकाच वेळी आला तर पाणी इथे किती चढतं, हे आधी ठरवायला हवं होतं. ते काम चंद्रप्रकाश अजिंक्य नावाच्या इंजिनियरकडे आलं. अजिंक्यसाहेब अंधेरीचे, पस्तिशीचे, कमी बोलणारे. लष्कराचे जुने नकाशे त्यांनी महिनाभर शोधले. सापडले नाहीत.

त्यांच्या हाताखाली सुपेकर नावाचे ओव्हरसियर होते. एका दुपारी चहा पिताना ते लवूला सहज म्हणाले, “तुझ्या वस्तीचं आता नशिबावर आहे रे. पाणी कमी चढत असेल तर टाक्यांभोवती एक ठेंगणी भिंत पुरेल. जास्त चढत असेल तर चहूबाजूंनी बांध घालावा लागेल, मातीचा. त्याचा पायथा चांगला पन्नास फूट रुंद. तो तुमच्या घरांवरच येतो. नकाशावर बघितलंय मी.”

लवूने कपातला चहा तसाच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी अजिंक्यसाहेब पंपाच्या खोलीपाशी थांबले. खोलीला बर्मी सागाचं जाड दार होतं. दारावर, जमिनीपासून चार फुटांवर, चाकूने कोरलेली एक आडवी रेघ होती. तिच्या बाजूला इंग्रजीत लिहिलं होतं: पूर, ऑगस्ट ४४. साहेबांनी रेघेवरून बोट फिरवलं. महिनाभर कागदांत न सापडलेली गोष्ट समोर दारावर होती.

“लवू, हे दार इथलंच ना?”

लवूला ते दार ओळखीचं होतं. अठ्ठेचाळीस साली जुनी पंपाची खोली पाडली. ती वर, रस्त्यालगतच्या उंचवट्यावर होती. नवी खोली खाली, नाल्याजवळ बांधली, आणि लाकूड चांगलं म्हणून दार तेवढं जुनंच बसवलं; दाराबरोबर रेघही खाली आली. ते खांद्यावरून खाली आणणारे दोघे होते: लवू आणि धोंडू सावंत. धोंडू बावन्न साली वारला.

“होय साहेब,” लवू म्हणाला.

“मग धर पट्टी.”

त्याने पट्टी धरली. त्या दिवशीही ती हलली नाही.

अजिंक्यसाहेब मात्र एका खुणेवर विसंबणारे नव्हते. ते म्हणाले, “एक साक्षीदार म्हणजे अर्धा साक्षीदार. तू इथला आहेस. चव्वेचाळीसचा पूर बघितलेलं कुणी सापडतं का, चौकशी कर.”

लवू गेला. मिठागराच्या कडेला माणिकबाई म्हणून एक आगरी म्हातारी राहायची. मिठागरातच तिचा जन्म गेला होता. तिने त्याला आत नेलं आणि पोटमाळ्याच्या तुळईवर हात ठेवून दाखवलं. “हितवर आलं होतं. आम्ही माळ्यावर बसून होतो, कोंबड्या घेऊन. दोन वाहून गेल्या.” लवूने तुळईकडे पाहिलं. इतकी वर्षं पट्टी धरून त्याची नजर तयार झाली होती. दुर्बिणीची गरजच नव्हती. पाणी दारावरच्या रेघेपेक्षा निदान तीन फूट वर गेलं होतं.

परत येऊन तो साहेबांना म्हणाला, “कुणाला काय आठवत नाय साहेब. सगळे लोक मागाहून आलेले.”

साहेबांनी वहीत तसं लिहून घेतलं.

पुढचे तीन महिने लवूने मूग गिळून काढले. वस्तीत सगळे खुशीत होते. ठेंगण्या भिंतीची बातमी सुपेकरांकडून पोचली होती, आणि शेजारचा नंदू राणे तर कुडाच्या जागी विटांची भिंत घालायला निघाला होता. “लवूदादा, तू आत आहेस म्हणून आम्हाला घोर नाय,” असं तो येताजाता म्हणायचा. लवू मान हलवायचा आणि वाट बदलायचा. त्याचं जेवण कमी झालं. गिरणीत होता तेव्हासारखा खोकला परत सुरू झाला.

होळीच्या पौर्णिमेला उधाण आलं. पावसाचा टिपूस नव्हता, आभाळ स्वच्छ होतं, आणि तरी भर दुपारी खाडीचं पाणी नाल्यातून उलटं चढत आलं आणि पंपाच्या खोलीच्या पायरीला लागलं. लवू तिथे उभा राहून बघत होता. हे नुसतं भरतीचं. यावर श्रावणातला पाऊस आणि वरून नाला? त्याने मनात फूट मोजले आणि तडक घराची वाट धरली.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. वनमाला तांदूळ निवडत होती. ऐकता ऐकता तिचा हात सुपात थांबला.

“साहेबाक सांगलात तर आमचा घर जातला,” ती म्हणाली.

“जातला.”

“आणि नाय सांगलात तर?”

लवूने सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

“तुमी माका इचारलात म्हणान सांगतंय. टाके भरान व्हावले तर ती घाण पयली खंय येतली? आमच्याच दारात, मां? हयसर बत्तीस घरांक पियाच्या पाण्याची एकच बाव.” तिने सूप बाजूला सारलं. “पण घर मी बांधलेला आसा. माती मी मळलंय. ह्या पण इसरा नको.”



धुळवडीच्या दुसऱ्या सकाळी लवू साहेबांच्या टेबलापुढे उभा राहिला. अहवाल टाइप होऊन आला होता. साहेब शेवटची पानं तपासत होते.

“साहेब, त्या दाराचं मी खोटं बोललो.”

अजिंक्यसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. पेनाला टोपण लावलं, उठले आणि म्हणाले, “जुनी जागा दाखव.”

उंचवट्यावर आता घाणेरीचं रान माजलं होतं. लवूने स्वतः फावडं चालवलं. दीड फुटावर दगडी उंबरा लागला. त्याच्या डाव्या टोकाला दाराचा खिटा, म्हणजे खालचा खुंट, फिरायचा तो खळगा होता. साहेबांनी दुर्बीण लावली. उंबऱ्याची उंची घेतली, तिच्यात रेघेची उंची मिळवली. पहिल्या आकड्यापेक्षा तीन फूट एक इंच जास्त.

“आता दुसरी खूण हवी,” साहेब म्हणाले. “मिठागराकडे जुनी माणसं असतील. चल, मीच विचारतो.”

लवू मागे मागे चालू लागला. दाराचं त्याने सांगितलं होतं. म्हातारीचं सांगायचं धाडस झालं नव्हतं. वाटेत तीन वेळा शब्द ओठांवर आले आणि परत गेले.

माणिकबाई अंगणात जाळं निवडत होती. साहेबांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत ती लवूकडे बघून म्हणाली, “याला सांगलेलं ना मी! दिवाळी झाल्यावर आलेला. तुळई दाखवली याला, कोंबड्यांचं सांगलं. इसरला काय रं?”

साहेबांनी लवूकडे पाहिलं. आत जाऊन तुळईची उंची घेतली. उंबऱ्याच्या आकड्याशी ती दोन इंचांच्या फरकाने जुळली. वही बंद करून ते बाहेर आले.

“आणखी काही आहे?”

“नाही साहेब.”

“नक्की?”

“आईशप्पत नाही.”

“तुझी पट्टी बघून मी कधी दुसऱ्यांदा आकडा घेतला नाही,” साहेब म्हणाले. “आता या कामातला प्रत्येक आकडा परत घ्यावा लागेल.” एवढंच. पण लवूला वाटलं, त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

अहवाल नव्याने लिहिला गेला. पहिला आकडा का चुकला तेही त्यात आलं. लवूच्या हातून पट्टी गेली आणि त्याला गाळाच्या वाफ्यांवर पाठवलं. तिथे वाळलेला मैला फावड्याने उपसायचा. नोकरी मात्र राहिली. साहेबांनी आपला शब्द खर्ची घातला म्हणून राहिली, असं सुपेकर पुढे म्हणाले.

वस्तीला हे कळायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे नंदूच्या अर्ध्या बांधलेल्या भिंतीपाशी जमले.

“कोणी विचारलं होतं तुला?” नंदू म्हणाला. “दार बोललं असतं का? मेलेला धोंडू बोलला असता? तू गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं?”

“पाणी आलं असतं तर—”

“चव्वेचाळीसनंतर आलंय? अकरा वर्षं झाली!”

“पूर आला तर टाक्यांतली घाण आपल्याच घरात येणार, नंदू.”

“ती आम्ही काढली असती. आता घरच नाय, तर घाण तरी कुठे यायची?”

नंदूची बायको सुनंदा पदराने डोळे पुसत होती. तिने जाताना वनमालाकडे मानसुद्धा वळवली नाही.

पावसाळ्याआधी घरं पाडली. कचेरीने भांडुपच्या डोंगराच्या उतारावर जागा दिली. निम्मा खडक, पाणी अर्ध्या मैलावर. बत्तीसांपैकी एकोणीस घरं तिथे गेली, बाकीची जिथे आसरा मिळाला तिथे पांगली. लवूही भांडुपलाच गेला. दुसरीकडे जायची सोय होती, मुलुंडला त्याचा चुलतभाऊ होता, पण वनमाला म्हणाली, “तोंड चुकवन खंय जातलात?” त्याच्या झोपडीच्या दोन्ही बाजूंच्या जागा मात्र वर्षभर रिकाम्याच राहिल्या.

बांध झाला. टाक्या झाल्या. अठ्ठावन्नच्या जुलैत सलग तीन दिवस पाऊस कोसळला आणि तिसऱ्या दिवशी उधाण आलं. लवू बांधावर उभा होता. पाणी चढत गेलं, चढत गेलं, आणि चार वाजता थांबलं. कुठे थांबलं ते त्याच्या नजरेला लगेच कळलं. ठेंगणी भिंत असती, तर पाणी तिच्या माथ्याच्या वीतभर खाली राहिलं असतं.

आणि मिठागराच्या बाजूला, जिथे पूर्वी पाणी मोकळं पसरायचं, तिथे बांधाने अडवलेला लोंढा सरळ माणिकबाईच्या अंगणात शिरला. लवू कंबरभर पाण्यातून तिच्याकडे गेला. म्हातारी माळ्यावर होती. त्याने तिला पाठीवर घेऊन बाहेर काढलं. ती रागावली नाही. वाटभर त्याच्या मानेला घट्ट धरून होती.

पाणी ओसरल्यावर अजिंक्यसाहेब पाहणीला आले. दोन वर्षांत पहिल्यांदाच लवू आपणहून त्यांच्याशी बोलायला गेला.

“साहेब, म्हणजे त्या लोकांची घरं उगाच गेली?”

साहेब खाडीकडे वळले. “ह्या खेपेला तेवढं चढलं नाही, लवू. त्यापलीकडे मला काही माहीत नाही. आणि त्या म्हातारीच्या अंगणाचा विचार माझ्या अहवालात नव्हता. तो असायला हवा होता. ती चूक माझी.”

त्यांनी म्हातारीच्या घराचा ओटा उंच करून घ्यायला लावला. बांधातून त्या बाजूने पाण्याला वाट काढायचा प्रस्तावही पाठवला. तो फाइलीत फिरत राहिला.

भांडुपला बातमी आधीच पोचली होती. “आलं का रे तुझं पाणी?” नळावर कुणीतरी मागून म्हणालं. लवूने बादली भरली आणि उतार चढू लागला.

डोंगरावर खाडीचं पाणी येत नसे, पण वरून येणारं पाणी घराघरांत घुसे. एकोणसाठच्या मे महिन्यात, एका रविवारी, सुनंदा त्याच्या दाराशी येऊन उभी राहिली. आत आली नाही. वनमालाकडे बघतच म्हणाली, “आमच्या मागच्या भिंतीतून दर पावसाळ्यात पाणी येतं. चर खणायचाय. कुठून कुठे, ते समजत नाय.”

लवू उठला. नंदूच्या घरामागे जाऊन त्याने उतार निरखला, दोन काठ्या रोवल्या, दोरी ताणली. मग उकिडवा बसून एक डोळा मिटून दोरीच्या रेषेत पाहिलं. नंदू घरातच होता. खाटेची करकर ऐकू येत होती, पण तो बाहेर आला नाही.

“इथून इथवर खणा,” लवू म्हणाला. “तिकडे नको. तिकडे वळवलं तर पाणी खालच्या शेजाऱ्यांच्या घरात जाईल.”

सुनंदाने कुदळ आणून त्याच्या पुढ्यात टाकली. लवूने ती उचलली आणि चर खणायला सुरुवात केली.