हवेच्या नळीवरचा रुमाल

वसमतच्या बाजारात हळदीच्या धुळीत डिझेलचा वास मिसळला की आजही माझी मान खाली जाते. नव्वदच्या दशकात माझी जुनी पिकअप उभ्या जागी चालू ठेवली की थरथरे. दोनदा दुरुस्त करूनही फरक पडेना, तेव्हा संतापून मी मेकॅनिक रहीमभाईंना रजिस्टर्ड नोटीस धाडली. ती खिशात ठेवूनच त्यांनी इंजिनाला कान लावला आणि हवेच्या नळीच्या तोंडावरून हळदीने माखलेला रुमाल सोडला. धूळ आत जाऊ नये म्हणून तो मीच बांधला होता. थरथर थांबली.

“तुमचाच रुमाल इंजिनाचा दम घोटून राहिला होता, साहेब. आता नोटीस मागं घेतली म्हणून लिहून द्या. नोटिशीचं ऐकून गिऱ्हाईक तुटून राहिलं.”

आयुष्यभर प्रत्येकाकडून लेखी उत्तर मागणारा मी म्हणालो, “तोंडी सांगतो, तेवढे पुरे.”